भाता बंद

“आक्का, जेवलीस का?”

“जेवले की. तू जेवलास?”

“जेवलो.”

यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. भूपाल वर्षभर तोंडानं जेवलाच नव्हता. पोटात बसवलेल्या नळीतून रत्ना, म्हणजे त्याची बायको, त्याला पातळ अन्न द्यायची. पण आक्काचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले, खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली. मुलगा जेवतो कसा हे तिला दिसायचा प्रश्नच नव्हता. चौगुल्यांच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. आक्काचं ताट उचललं की रत्ना भूपालची चाकाची खुर्ची तिच्या पलंगाला भिडवायची. आक्का चाचपडत त्याचं डोकं शोधायची, केसांत बोटं घालायची आणि मग मायलेकांचं बोलणं व्हायचं.

त्या संध्याकाळी मी, भूपालची जुनी मैत्रीण, दारातच उभी होते. माझ्या मोबाइलवर आलेला निरोप त्या दोघांच्या मध्ये कसा टाकावा हे मला कळत नव्हतं. आक्कानं माझी चाहूल घेतलीच. “वैजू, दारात का गं? ये की आत,” म्हणाली. मी गेले, बसले, चहा घेतला आणि एक शब्द बोलले नाही. वकिली करून पोट भरणाऱ्या बाईला हे शोभत नाही, पण खरं ते सांगते.

निरोप भूपालच्या आवाजाबद्दल होता.

भूपालला नसांचा आजार होता. आधी बोटं गेली, मग हात, मग पाय, शेवटी जीभ. सांगलीत मारुती रोडवर ज्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, ज्यानं गावातला एकही रेडिओ, पंप, फोन उघडायचा ठेवला नाही, त्याला स्वतःचा शर्ट काढता येईना. हललेच तर डोळे. त्याच्यापुढं एक पडदा बसवलेला असायचा. तो अक्षरांकडं बघायचा, पडद्यावरचा कॅमेरा त्याची नजर ओळखायचा आणि वाक्य जुळलं की यंत्र ते बोलून दाखवायचं. बोलायचं मात्र भूपालच्याच आवाजात. जीभ जड व्हायला लागली तेव्हाच बंगळूरच्या एका कंपनीनं दिलेली वाक्यं त्यानं दुकानाच्या माळ्यावर बसून आठवडेच्या आठवडे वाचली होती, आणि त्यावरून कंपनीनं त्याचा आवाज बनवला होता. घोगरा, नाकातून थोडा येणारा, वाक्याच्या शेवटी जरा खाली बसणारा. हुबेहूब.

आवाज तयार होईपर्यंत कंपनीनं एक तात्पुरता आवाज दिला होता, बातम्या वाचणाऱ्यासारखा गुळगुळीत. तो ऐकल्यावर आक्कानं केसांतला हात काढून घेतला आणि विचारलं, “हा कोण आलाय? त्याला भाईर बसवा. भूपा कुठं हाय?” तीन दिवस तिनं धड अन्न घेतलं नाही. भूपालचा स्वतःचा आवाज आला तेव्हा कुठं ती भाकरी मोडायला तयार झाली.

आणखी एक गोष्ट सगळ्या घराला ठाऊक होती. आजाराचं नाव कळलं त्या दिवशीच आक्कानं शांतपणे सांगून टाकलं होतं, “माझ्याआधी हा गेला तर मी अन्नपाणी सोडीन.” दुसऱ्या कुणाच्या घरात याला आईचं बोलणं म्हणून सोडून देता आलं असतं. इथं तसं नव्हतं. तिच्या थोरल्या जावेनं म्हातारपणी मुनिमहाराजांकडून सल्लेखनेचं व्रत घेऊन मरेपर्यंत अन्न सोडलं होतं आणि आक्कानंच शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसून णमोकार म्हटला होता. आक्का बोलली की करते, हे भूपालला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

कंपनीकडं भूपालबरोबर माझाही नंबर दिलेला होता. आता निरोपात लिहिलं होतं की ती बंगळूरची कंपनी एका परदेशी कंपनीनं विकत घेतली आहे, आणि मराठी आवाजांना गिऱ्हाईक कमी म्हणून या महिन्याच्या अखेरीस ही सेवा बंद होईल. यंत्र अधूनमधून कंपनीच्या मोठ्या संगणकाला विचारायचं, बोलू का? तिकडून हो आलं की बोलायचं. महिनाअखेरीनंतर तिकडून काहीच येणार नव्हतं.

खुर्ची पलीकडच्या खोलीत आली तेव्हा मी भूपालला वाचून दाखवलं. त्याचे डोळे पडद्यावर फिरले. यंत्र म्हणालं, “मला सकाळीच आलंय. तुझं तोंड बघत होतो, कधी सांगतेस.”

मी म्हटलं, “करार दाखव.”

“वाच. आवाज त्यांचा. मी फक्त भाड्यानं बोलतो.”

“वर्षानुवर्षं लोकांना सांगत होतास, अटी वाचल्याशिवाय अंगठा लावू नका. तू वाचल्या नव्हत्यास?”

“वाचल्या होत्या. जीभ चालली होती, वकीलबाई. काय करू?”

मी करार पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

आमचा दोघांचा एक कार्यक्रम होता, ‘खोलून बघू’. दर रविवारी इंटरनेटवर टाकायचो. त्या आठवड्यातली तंत्रज्ञानाची बातमी घ्यायची, कुणी फोनची बॅटरी चिकटवून टाकली, कुणी ट्रॅक्टरला सॉफ्टवेअरचं कुलूप घातलं, आणि तिची सालं काढायची. भूपाल वस्तू उघडून दाखवायचा, मी त्यामागचा कायदा सांगायचे. विकत घेतलेली वस्तू आपली की कंपनीची, कुलूप तोडलं तर गुन्हा की दुरुस्ती, नक्कल कशाला म्हणायचं, असलं सगळं. गावोगावचे मेकॅनिक ऐकायचे, प्रश्न विचारायचे, आम्हाला शिव्याही घालायचे. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र भूपाल कर्मठ. सुरू करण्याआधी जिन्यावरून ओरडायचा, “पंखा बंद, मिक्सर बंद, तोंड बंद.” खालचा गिरणीवालासुद्धा पट्टा थांबवायचा. आणि प्रत्येक वाक्यानंतर चार क्षण गप्प बसायचं, त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. शेपूट असलं की कापाकापीला बरं पडतं. मी घाईनं पुढचं बोलले की तो बोट वर करायचा, “शेपूट सोड.”

ते जुने कार्यक्रम असते तर आक्काला ऐकवायला त्याचा आवाज तरी राहिला असता. पण एका कंपनीच्या यंत्राचा नकाशा आम्ही पडद्यावर दाखवला, तिनं प्रताधिकाराची तक्रार केली, आणि आमचं सगळं दुकान इंटरनेटवरून उठलं. मूळ मुद्रणं भूपालनं ठेवलीच नव्हती. एकच कार्ड, पुसायचं आणि त्यावरच पुन्हा. बंद पडलेली वस्तू साठवणं म्हणजे भंगार, असं तो म्हणायचा. आज म्हणे अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावरून कुणाचाही आवाज घरबसल्या बनतो. तेव्हा तसं काही आमच्या हाताशी नव्हतं, आणि तुकडाही नव्हता.

मी माझी सगळी आयुधं काढली. कंपनीला नोटीस पाठवली. उत्तर आलं की सेवा बंद करण्याचा अधिकार करारात राखून ठेवला आहे, आपल्या अडचणीबद्दल खेद वाटतो. ग्राहक आयोगात तातडीचा अर्ज केला, तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केले. तिकडच्या पोरीला मी सांगत होते की एका आंधळ्या बाईला तिचा मुलगा याच आवाजानं ओळखू येतो, आणि ती मला विचारत होती की मॅडम, यंत्राच्या मागचा नंबर सांगता का? मी नंबर सांगितला. ती म्हणाली, तुमची तक्रार नोंदवली आहे. मी कोर्टाच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, सगळ्यांदेखत रडले. पक्षकार लांबून बघत होते.

शेवटी मी भूपालकडं गेले आणि म्हटलं, “यंत्र खोलू. आवाज आतच आहे ना? मी खोलते. तू सांग कुठला स्क्रू.”

“कुलूप तोडणं गुन्हा आहे. तूच सांगायचीस.”

“कायद्यात ‘हेतू’ असा एक शब्द आहे. त्या शब्दावर मी उभी राहीन. शिक्षा झाली तर झाली.”

त्याचे डोळे बराच वेळ फिरत राहिले. नाकावरच्या मास्कला जोडलेलं श्वासाचं यंत्र शेजारी सूं करून हवा भरत होतं आणि फूस करून सोडत होतं. त्या यंत्राशिवाय त्याची छाती आता पुरती फुलत नसे. दिवसरात्र ते चालू असायचं, अख्ख्या घरात ऐकू यायचं. आक्का त्याला भाता म्हणायची. तिच्या माहेरी शेजारी लोहाराचं घर होतं, तिथला भाता असाच वाजायचा म्हणे.

“नको,” यंत्र बोललं. “झाकण उघडलं की आतलं पुसून जातं. तसंच बनवलंय. मीही तसंच बनवलं असतं.”

आयुष्यात पहिल्यांदा भूपाल चौगुले एखादी वस्तू खोलायला नको म्हणत होता. आता दुसरी वाट नाही हे त्यालाही मान्य असल्यासारखं ते वाक्य होतं.

मग तो म्हणाला, “माइक आण. बोलतंय तोवर भरून घेऊ.”

इतकं साधं होतं ते, आणि इतकं तोकडं. सगळा आवाज वाचवता येणार नव्हता. वाचवता येणार होती फक्त काही वाक्यं, नजरेनं एकेक अक्षर वेचून जुळवलेली. यंत्राला वायर जोडायची सोयच नव्हती, नक्कल होऊ नये म्हणून ती ठेवलीच नव्हती. ते उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन बोलवताही येईना, कारण दुसऱ्या कुणी तुमचा आवाज वापरू नये म्हणून, मालकाचे डोळे समोर असल्याशिवाय ते तोंड उघडत नसे. म्हणजे माइक भूपालच्या पुढ्यातच लावायचा. मी माझा जुना माइक आणला, पहिलं वाक्य भरलं आणि ऐकलं. आवाज होता, पण त्याच्यावर भाता चढून बसला होता. सूं, फूस. शब्द निम्मे बुडाले होते.

भूपालनं रत्नाकडं बघितलं, मग भात्याच्या बटणाकडं बघितलं. रत्नाला लगेच कळलं. तिनं मान हलवली, “न्हाई हं. मी न्हाई बंद करायची.”

“पंखा बंद, मिक्सर बंद,” यंत्र म्हणालं. “भाता बंद.”

“अहो, दम लागंल तुम्हाला.”

“लागू दे. वाक्यापुरतं.”

मी रत्नाच्या बाजूनं बोलले, चिडून बोलले, आवाज थोडा खराब आला तर कोण फाशी देणार आहे, असंही म्हटलं. त्यानं एवढंच लिहिलं, “फोनवर कळलं पाहिजे.” फोनवर कशाला, हे विचारायचं मला त्या गडबडीत सुचलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही बसायचो. दुपारी आक्का झोपायची, गल्लीही निजलेली असायची. मागच्या खोलीचं दार लोटून घ्यायचो. भूपाल भाता चालू असताना वाक्य जुळवून ठेवायचा. मी माइक सुरू करून मान हलवायचे. रत्ना भाता बंद करायची. भूपाल पडद्यावरच्या ‘बोल’वर नजर रोखायचा आणि त्याचा आवाज त्या गप्प खोलीत यायचा, स्वच्छ, दुकानाच्या माळ्यावर यायचा तसा. वाक्य संपलं की रत्नाचा हात बटणाकडं जायचा, पण भूपाल डोळे घट्ट मिटायचा. म्हणजे थांब, शेपूट सोड. मानेच्या शिरा ताणलेल्या, कपाळावर घाम, ओठ निळसर, आणि हा माणूस शेपूट सोडत बसलेला. काही वाक्यांना तर आमच्या नेहमीच्या शेपटाच्या तिप्पट वेळ. डोळे उघडले की रत्ना बटणावर जवळजवळ झडप घालायची.

एकदा मी कळवळून म्हटलं, “मागची शांतता मी नंतर जोडते रे. यंत्रात कोरी शांतता मिळते.”

त्यानं दम खाऊन, सावकाश लिहिलं, “कोरी नको. मेलेली वाटते.”

वाक्यं कसली होती? मला वाटलं होतं तो रोजच्या गरजेची भरून ठेवेल. पाणी दे, कूस बदल, दुखतंय. तसलं एकही नव्हतं. ‘आक्का, जेवलीस का?’ होतं. ‘जेवलो’ होतं. ‘बरा आहे’, ‘पाय चेपून घे गं रत्नाकडून’, ‘आता झोप’. आणि मग अशीही: ‘बंगळूरला पोचलो.’ ‘आवाज परत आला बघ.’ ‘डॉक्टर म्हणतात, अजून राहायला लागेल.’ ‘अगं, इथं पाऊस आहे.’ ‘उद्या करतो फोन.’

मी विचारलं, “बंगळूरला कधी जाणार आहेस?”

“नवीन उपचार आलाय. अर्ज केलाय. नंबर लागेल.”

मी किती खूश झाले ते काय सांगू! घरी जाताना गणपतीच्या देवळात नारळ ठेवून आले. मोठी नास्तिक म्हणून मिरवणारी मी. वाटलं, हा गडी पुढची तयारी करतोय, आवाज नसला तरी दवाखान्यातून आईशी बोलता यावं म्हणून. रत्नाला मी तसं म्हणालेही. ती भांडी विसळत होती, तिनं मान वर केली नाही.

महिना संपला. शेवटच्या संध्याकाळी खुर्ची पलंगाला लागली, आक्काचा हात केसांत गेला. भूपाल तिला म्हणाला की यंत्र बिघडायला लागलंय, दुरुस्तीला द्यावं लागेल, काही दिवस माझा आवाज येणार नाही. आक्का म्हणाली, “दे की. सगळ्या गावाचं दुरुस्त केलंस, तुझं कोण करंल म्हणा.” तो म्हणाला, “आहे एक वकीलबाई.” आक्का खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर इंग्रजीत एक करडी चौकट आली आणि भूपालचा आवाज गेला.

त्यानंतरही खुर्ची रोज पलंगाला लागायची. आक्का एकटीच बोलायची, बोटं केसांत फिरायची, शेजारी भाता वाजायचा. भूपाल आता पाटीवरच्या अक्षरांवर नजर फिरवून रत्नाशी बोलायचा, पण जपून, फार थोडं. श्रावण लागला आणि त्याच्या छातीत कफ भरला. त्याला मिरजेला हलवलं. तिथून तो परत आला नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात रत्नानं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती म्हणाली, “वैजूताई, ती वाक्यं जुळवून द्या. एकेका फोनाएवढी.”

तेव्हा मला समजलं. बंगळूर नव्हतं, अर्ज नव्हता, नंबर लागणार नव्हता. त्या सगळ्या दुपारी तो आपल्या मरणानंतरचे फोन भरून ठेवत होता, आणि मी समोर बसून आवाजाची पातळी बघत होते. “मला का नाही सांगितलं त्यानं?” मी विचारलं. रत्ना म्हणाली, “म्हणायचे, वैजू वकील असून तिला खोटं बोलता येत नाही. आक्काला हातातनं कळंल.” मी तिथंच बाकावर बसले आणि मला स्वतःचा, त्याचा, त्या कंपनीचा, सगळ्यांचा इतका राग आला की रडूही येईना.

क्रियाकर्म गावाकडं चुलतभावानं केलं. सांगलीच्या घरी कुणी यायचं नाही, असं रत्नानं सगळ्यांना सांगितलं. बायका कुजबुजल्या, कारण तिनं बांगड्या काढल्या नव्हत्या. काढल्या असत्या तर आक्काला ऐकू आलं असतं. आक्काला सांगितलं की भूपालला मिरजेतूनच बंगळूरला नेलंय. दुसऱ्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, रत्नानं फोन वाजवला आणि आक्काच्या कानाला लावला. “आक्का, बंगळूरला पोचलो. आवाज परत आला बघ.” आक्का क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “आला की रं. बरा हायस न्हवं?” तो म्हणाला, “बरा आहे.” फोन बरोबर जुळत होता. त्याचं बोलणं आणि तिचं बोलणं यांच्यात कुठं फट नव्हती. ती लांबलचक शेपटं तिच्या उत्तरांसाठी होती. तिला बोलायला किती वेळ लागतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आक्कानं त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली.

असे बरेच महिने गेले. रोज नाही, तीन-चार दिवसांनी फोन यायचा. तीच वाक्यं मी मागंपुढं करून द्यायचे. आक्का जेवत होती, औषध घेत होती. रत्ना म्हणायची, जमलं, वैजूताई. आणि बांगड्या वाजवत कामाला लागायची.

एका दुपारी रत्ना औषधं आणायला गेली होती आणि मी आक्काजवळ बसले होते. आक्का म्हणाली, “दार लोटून घे.” मी घेतलं.

“भूपा मिरजंलाच गेला न्हवं?”

मी म्हटलं, “नाही आक्का, बंगळूर...”

“तुला जमत न्हाई ते. ऱ्हाऊ दे.” तिनं माझं मनगट धरलं. “मला पयल्या फोनालाच कळलंवतं. ती सगळी वाक्यं मी आदीच ऐकलीवती. दुपारची.”

“तुम्ही झोपलेल्या असायच्या, आक्का.”

“असायची की. भाता चालू असंल तवर झोप लागायची. तो बंद झाला की डोळा उघडायचा. आईला आनिक कशानं जाग येनार? आनि मग त्याचा आवाज यायचा, पोचलो म्हनून. असायचा पलीकडच्या खोलीत, आनि म्हनायचा पोचलो.” तिनं माझं मनगट आणखी घट्ट धरलं. “बोलनं सरलं तरी तुमी भाता लवकर सुरू करायचा न्हाई. मी पडल्या पडल्या वाट बघायची. वरडावं वाटायचं, पुरं करा म्हनून.”

“मग ओरडला का नाहीत?”

“एवढा दम कोंडून करतोय, म्हंजी काय तरी कामाचंच करत असंल, म्हटलं.”

मला पुढचं विचारायचं धाडस नव्हतं, पण विचारलं. “तुम्ही म्हणाला होता, अन्नपाणी सोडीन.”

“सोडनारच हुते. पर त्यानं भाता बंद करून सांगितलंवतं, जेव म्हनून. मग कसं सोडू?” तिनं माझं मनगट सोडलं. “रत्नीला काय बोलू नगंस. तिला वाटतंय, मला कळलं न्हाई. बांगड्या वाजवत फिरती बिचारी.”

जिन्यावर पावलं वाजली. मी डोळे पुसून दार उघडलं. रत्नानं पिशवी ठेवली, माझ्याकडं एक नजर टाकली आणि नेहमीसारखी फोनची घंटी वाजवली. “आक्का, यांचा फोन आलाय,” ती म्हणाली.

आक्का उशीला टेकून नीट बसली. तिनं पदर सारखा केला आणि फोन कानाला लावला.

“आक्का, जेवलीस का?”

“जेवले की, बाळा. तू जेवलास?”

फोनमध्ये काही क्षण काहीच नव्हतं. पंखा नाही, मिक्सर नाही, भाता नाही. आक्का फोन कानावर घट्ट दाबून, श्वास रोखून बसली होती.

“जेवलो,” भूपाल म्हणाला, आणि तेव्हा कुठं आक्कानं श्वास सोडला.